माळ्यावरच्या कोपऱ्यातली गाठ

उत्तर गोव्यातल्या एका मामलेदार कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे अर्ज भरून देणं हा माझा धंदा. सव्वीस वर्षं झाली. कुठल्या अर्जाला कुठला दाखला जोडायचा, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण १५ एप्रिल २०२४ ला सोनोग्राफीचा एक पानी रिपोर्ट हातात आला आणि चार वेळा वाचूनही काही कळेना. लिव्हरच्या उजव्या भागात, सेगमेंट सातमध्ये, ३.४ सेंटिमीटरची गाठ. खाली एक ओळ : 'पुढील तपासणी आवश्यक.'

सोनोग्राफी का केली, ते आधी सांगतो, कारण त्यात चूक माझी आहे. २०११ साली रक्तदान केलं होतं. पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं : तुम्हाला हेपॅटायटिस बी आहे, यापुढे रक्त देऊ नका, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी नावाची, लिव्हरच्या कॅन्सरची चाहूल देणारी रक्ततपासणी सांगितली. काही वर्षं केली. मग वर्षातून एकदा. कोविड आला आणि सुटलं ते सुटलंच. दुखत नव्हतं, भूक लागत होती, रात्री भजनाला दोन-दोन तास बसत होतो. एप्रिलमध्ये ॲसिडिटीसाठी गेलो तेव्हा डॉक्टरांनी जुनी फाईल उघडली, आणि मला काही न बोलता सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली.

हेपॅटायटिस बी असलेल्यांना लिव्हर सिरॉसिस (लिव्हर आक्रसून कडक होणं) नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. हे मला २०११ मध्येच सांगितलं होतं. कागदावर तसं लिहिलेलंही आहे, मी नंतर पाहिलं.

एएफपी आली १८६. नॉर्मल दहाच्या आत. मग २२ एप्रिलला ट्रिपल फेज सीटी, म्हणजे शिरेत औषध सोडून तीन टप्प्यांत काढलेला स्कॅन. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून न्या, नाहीतर परत पाठवतात. चार तास उपाशी. हातात सुई लावून औषध सोडतात तेव्हा घशापासून खालपर्यंत गरम लाट येते आणि कपड्यांतच लघवी झाली की काय असं वाटतं. होत नाही. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून मी लाजेने टेबलावरून उठत नव्हतो, तेव्हा सीटी काढणारा मुलगा म्हणाला, "काका, सगळ्यांनाच वाटतं, उठा."

सीटीत गाठ आधी उजळली आणि नंतरच्या फेजमध्ये आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडली. रिपोर्टात 'लाय-रॅड्स ५', म्हणजे लिव्हरचा कॅन्सर जवळपास नक्की. मी विचारलं, तुकडा काढून तपासायचा नाही का? तर डॉक्टर म्हणाले, हेपॅटायटिस बीच्या रुग्णात हे चित्र इतकं ठरलेलं असतं की सुई घालायची गरज सहसा पडत नाही. सुईच्या वाटेने पेशी पसरण्याचा थोडा धोका असतो, तो वेगळाच. म्हणजे बायोप्सीशिवायच कॅन्सर. माझ्यासारख्या माणसाला हे पचायला जड गेलं. शिक्का नसलेला कागद मी कधी खरा मानलेला नाही.

घरी आईला सांगणं हा वेगळाच प्रसंग. आई ऐंशीच्या पुढची. बायकोने समजवायला म्हणून सांगितलं, "काळजात छोटी गाठ आहे." आई हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवून रडायलाच लागली. तिला वाटलं हृदय. आपल्याकडे जीव लावायचा, घाबरायचं, तुटायचं ते सगळं काळीज, आणि मटणवाल्याकडे काळीज मागितलं की तो लिव्हर देतो. शेवटी मुलाने फोनवर चित्र दाखवलं. आई म्हणाली, "मग हे आधी सांगायचं ना." लिव्हर ऐकून ती शांत झाली, आम्ही मात्र तिच्याइतके शांत नव्हतो.

आमच्याकडे कॅन्सर म्हटलं की लोकांच्या तोंडी दोनच शब्द : बांबोळी (गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज) आणि टाटा (मुंबईचं कॅन्सर हॉस्पिटल). दुकानात येणारा प्रत्येक जण यातला एक सांगून जायचा. मी आधी जवळच्या एका सर्जनना दाखवलं, २९ एप्रिलला. भला माणूस. स्पष्ट म्हणाले, "गाठ काढता येईल. पण दुर्बिणीतून नाही. जागा वाईट आहे. बरगड्यांखाली मोठा छेद द्यावा लागेल." कागदावर त्यांनी उलटा एल काढून दाखवला, छातीच्या खालून उजव्या कुशीपर्यंत. गाठ जाळता येईल का, हेही मी विचारलं, कारण दुकानात एकाने मायक्रोवेव्हचं सांगितलं होतं. ते म्हणाले, तीन सेंटिमीटरच्या आत असती तर विचार केला असता. शिवाय ही छातीच्या पडद्याला टेकलेली आणि मोठ्या शिरेला लागून आहे. वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं, मग कडेच्या पेशी शिल्लक राहू शकतात.

जागा वाईट म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. लिव्हरचे आठ भाग मानतात. समोरचे, खालचे भाग दुर्बिणीला सोपे. सातवा मागे, वर, उजव्या कोपऱ्यात. पुढून बरगड्या, वरून श्वासाचा पडदा, मागे शरीरातली सगळ्यात मोठी नीला, आणि कडेने उजवी हिपॅटिक व्हेन. दुर्बीण बेंबीकडून आत जाते, तिला तो भाग कडेकडेने दिसतो. हत्यारं सरळसोट, ती वळत नाहीत. भजनाच्या मंडळींना मी असं सांगितलं : माळ्यावर, पार कोपऱ्यात, वाशाच्या मागे लोणच्याची बरणी आहे, आणि तुम्हाला शिडी न लावता खालून काठीने ती काढायची आहे, शेजारच्या पाण्याच्या पाइपला धक्का न लावता. पखवाजवाला म्हणाला, "बुवा, मग कौलं काढून वरून घ्यावी." अगदी बरोबर. पहिले सर्जन तेच म्हणत होते.

मधल्या काळात कागद. माझी खाजगी मेडिक्लेम पॉलिसी होती, २०१६ ची, पाच लाखांची. ती पुरेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून सरकारी मेडिक्लेमचीही तयारी ठेवली. त्याला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. २३ एप्रिलला मी स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या पेनाने स्वतःचा अर्ज भरला आणि रस्ता ओलांडून खिडकीत दिला. 'कारण' या रकान्यात 'वैद्यकीय उपचार' लिहिताना हात थांबला. हजारो वेळा लिहिलेले दोन शब्द. ७ मेला लोकसभेचं मतदान होतं, अर्धी कचेरी त्या कामाला. दाखला १७ मेला मिळाला. शेवटी तो वापरावा लागला नाही, पण मी हेच सांगेन : निदान झाल्या दिवशीच रहिवासी आणि उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज टाका. लागले नाहीत तर फाईलमध्ये राहतील. आणि दीनदयाळ कार्डाची, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या कार्डाची, मुदत संपली आहे का ते बघा. चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला त्यात वर्षाला ४ लाखांपर्यंत मदत आहे, पण ठरावीक शस्त्रक्रियांच्या यादीप्रमाणे. आपली शस्त्रक्रिया त्यात कुठल्या नावाने बसते, हे हॉस्पिटलच्या त्या खिडकीवर आधी विचारायचं.

याच दिवसांत लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन झाला (सिरॉसिस नव्हता, हे माझं नशीब), छातीचा सीटी झाला, आणि हेपॅटायटिस बीचा विषाणू दाबून ठेवणारी एन्टेकॅव्हिर सुरू झाली. ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची : जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. मी भजनावरून आल्यावर झोपताना घेतो. बायको आणि दोन्ही मुलांची तपासणी केली. तिघांचीही निगेटिव्ह. मुलांच्या लसी झालेल्या होत्या, बायकोची तेरा वर्षांत कोणी करून घेतली नव्हती, म्हणजे मीच. आता तिचे तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी.

२० मेला दुसरं मत घेतलं, पणजीच्या बाजूला. हे सर्जन फक्त लिव्हर आणि स्वादुपिंडाचंच काम करतात. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि सीटीची सीडी लावून स्वतः वर-खाली करत दहा मिनिटं पाहिलं. टीप : रिपोर्टाचा कागद पुरत नाही, सीडी न्याच, आणि घरी तिची एक प्रत करून ठेवा. माझी एका ठिकाणी हरवली होती आणि 'आमच्याकडे दिलीच नाही' असं ऐकून घ्यावं लागलं. दुकानात कॉपी होती म्हणून वाचलो.

ते म्हणाले, दुर्बिणीतून होईल. तुम्हाला उताणं न ठेवता डाव्या कुशीवर झोपवायचं. लिव्हर स्वतःच्या वजनाने डावीकडे कलंडतं आणि मागचा कोपरा वर येतो. एक पोर्ट, म्हणजे हत्यार घालायचं भोक, बरगड्यांच्या मधून. "पण," बोट वर करून म्हणाले, "रक्त आवरलं नाही तर मी वाट बघत बसणार नाही, पोट उघडणार. त्याला तुमची सही आजच हवी. उघडलं तर ते अपयश समजायचं नाही." पहिल्या सर्जननी नाही म्हटलं याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "ते चूक नाहीत. ज्याला जे रोज जमतं ते त्याने करावं." त्या वाक्यावर मी ठरवलं. बायकोने मात्र त्यांना थेट विचारलं की अशा जागेची किती ऑपरेशनं केलीत, आणि किती वेळा पोट उघडावं लागलं. मला संकोच वाटला. त्यांनी न रागावता दोन्ही आकडे सांगितले. तुम्हीही विचारा.

तारीख मिळाली १८ जून. चार आठवडे. गाठ तेवढ्यात वाढणार नाही का, हा प्रश्न मी तीन वेगवेगळ्या लोकांना विचारला आणि तिघांनी एकच सांगितलं : या गाठी दुप्पट व्हायला सहसा महिने लागतात. तरी रात्री उजव्या कुशीवर हात ठेवून झोपत होतो, जसं काही ती मला हाताला लागणार.

विमा कंपनीला १० जूनला कागद गेले. ११ ला प्रश्न आला : हेपॅटायटिस बी पहिल्यांदा कधी कळला, पुरावा द्या. २०१६ मध्ये पॉलिसीच्या फॉर्मात मी ते लिहिलं होतं. एजंट तेव्हा म्हणाला होता, कशाला लिहिता, हप्ता वाढेल. फॉर्म भरण्याचाच धंदा असलेल्या माणसाला रकाना रिकामा ठेवणं जमलं नाही, एवढंच. आधीच्या आजाराचा चार वर्षांचा थांबा २०२० मध्ये संपला होता. रक्तपेढीचं २०११ चं पत्र पाठवलं. १४ जूनला मंजुरी.

१७ ला दुपारी भरती झालो. मांडवीच्या पुलावर पाऊस असा की वायपर चालवूनही पुढचं दिसत नव्हतं. डिपॉझिट ५० हजार. भूलतज्ज्ञ येऊन गेल्या, दात हलतात का विचारलं, तोंड उघडायला लावलं. रक्ताच्या दोन पिशव्या राखून ठेवायच्या होत्या. मुलगा आणि आमचा पखवाजवाला देऊन आले. ज्या कामात माझं हे सगळं सुरू झालं, ते मला करता येत नव्हतं. संध्याकाळी औषधी साबणाने आंघोळ. रात्री दहानंतर खाणं बंद; पाणी सकाळी सहापर्यंत.

सव्वाआठला आत नेलं. पुढचं मला ठाऊक नाही. बायको बाहेर पावणेचारपर्यंत होती. साडेबाराला कोणीतरी येऊन सांगून गेलं, "चाललंय, ठीक आहे." ती म्हणते त्या तीन शब्दांवर तिने तीन तास काढले.

काय केलं, ते मी ऑपरेशन नोटमध्ये वाचलं. डिस्चार्ज कार्डाबरोबर ही नोट मागून घ्या, आपणहून देत नाहीत. लिव्हरकडे येणाऱ्या रक्ताच्या देठाला फीत घालून ती आवळायची, पंधरा मिनिटं, मग पाच मिनिटं सोडायची, लिव्हरला श्वास घेऊ द्यायचा, पुन्हा आवळायची. माझ्या वेळी असं तीनदा. सातव्या भागाची रक्तवाहिनी बंद करून शिरेतून हिरवं औषध सोडलं, त्यांच्या कॅमेऱ्यात बाकीचं लिव्हर हिरवं चमकलं आणि तेवढाच भाग काळा राहिला. ती कड धरून कापायचं. कापताना सलाईन मुद्दाम कमी ठेवतात, शिरा फुगलेल्या नकोत म्हणून. मला शुद्धीवर आल्यावर पहिली आठवण आहे ती तहानेची. रक्त गेलं ३५० मिली. राखून ठेवलेल्या पिशव्या लागल्या नाहीत.

पोटावर पाच भोकं. कापलेला भाग पिशवीत घालून ओटीपोटावर सहा सेंटिमीटरचा छेद देऊन बाहेर काढला, सिझेरियनला देतात तिथेच. बायकोची दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. पहिल्यांदा मला खाटेवरून उठताना कण्हलेलं ऐकून ती म्हणाली, "हं. आता कळलं?"

पण खरं दुखलं ते भलतीकडे. उजवा खांदा. कोणी तिथे हातही लावला नव्हता. पोट फुगवायला जो गॅस भरतात त्याने श्वासाचा पडदा चिडतो, आणि त्याच्या आणि खांद्याच्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात. दोन दिवस मी नर्सना खांदाच दाखवत होतो.

आणि ते तीन चेंडूंचं यंत्र. प्लास्टिकची पेटी, तीन नळ्या, निळे चेंडू. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, चेंडू वर गेले पाहिजेत. तासाला दहा वेळा. तीस वर्षं भजन गातोय, एका दमात ओळ संपवतो, म्हटलं यात काय आहे. पहिल्या दिवशी एक चेंडू थरथरला आणि खाली बसला. लाज वाटली आणि दुखत होतं, म्हणून मी नर्स आली की दोनदा ओढायचो आणि ठेवून द्यायचो. तिसऱ्या दिवशी ताप. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग दबलेला आणि थोडं पाणी. सर्जन म्हणाले, "लिव्हर माझं काम होतं, ते झालं. हे तुमचं काम आहे." मग बायको मोबाईलवर घड्याळ लावून बसली. २२ तारखेच्या संध्याकाळी दोन चेंडू वर टेकले. ताप उतरला. तोवर पोटात ठेवलेल्या नळीतून येणारं पाणी फिकट लाल राहिलं, पित्ताची हिरवट-पिवळी झाक दिसली नाही, म्हणून नळी चौथ्या दिवशीच काढली होती. त्याच दिवशी पहिली पेज मिळाली, उकड्या तांदळाची, मीठ कमी. मी वाटी चाटून पुसून संपवली.

२४ जूनला डिस्चार्ज. सकाळी अकराला सांगितलं, विमा कंपनीची अंतिम मंजुरी आली संध्याकाळी सात चाळीसला. बिल ५ लाख ४२ हजार. कंपनीने दिले ४ लाख २८ हजार ४००. उरलेले १ लाख १३ हजार ६०० खिशातून, आणि त्यातले बहुतेक माझ्या अज्ञानाचे. पॉलिसीत खोलीची मर्यादा रोज ५ हजार होती. त्या दिवशी ७,५०० चीच खोली रिकामी होती. मला वाटलं वरचे अडीच हजार भरू. तसं नसतं. खोली दीडपट महाग घेतली की सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, थिएटरचं भाडं, सगळं त्याच प्रमाणात कापतात. खोलीचा फरक १५ हजार, पण या कपातीचे ७० हजार. हातमोजे वगैरे विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे २८,६००. लोकांना मी सांगतो की सही करण्याआधी मागचं पान वाचा. माझ्या पॉलिसीचं मागचं पान मी वाचलं नव्हतं. आणखी एक : माझ्या पॉलिसीत भरतीआधीच्या ३० दिवसांतल्या तपासण्यांचेच पैसे परत मिळत होते. माझा सीटी छप्पन्न दिवस आधीचा. गेला.

घरी आल्यावर भेटायला माणसं. सदरा वर करून दाखवा म्हणायचे. पाच पट्ट्या बघून तोंडं उतरायची. "एवढंच?" एकाने तर मित्राच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनशी तुलना करून मला तिसऱ्या दिवशी दुकान उघडायला सांगितलं. मोठा छेद असता तर महिनाभर मी हललो तरी लोक रागावले असते. बाहेरून लहान दिसतं म्हणून आत लहान झालेलं नसतं, हे समजावण्यात माझा फार दम गेला; शेवटी बायकोने दारातच सांगायला सुरुवात केली, "लिव्हरचा तुकडा काढलाय, दहा मिनिटं बसा." पहिले तीन आठवडे मी दुपारी जेवून झोपलो की पाचला उठायचो. सहा आठवडे जड उचलायचं नव्हतं. झेरॉक्सच्या कागदाचा खोका साडेबारा किलोचा असतो, मी वजन करून पाहिलं.

३ जुलैला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. ती दुपार मी लिहीत नाही. कड मोकळी, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर नाही, गाठीपासून ८ मिलिमीटर. बारीक रक्तवाहिन्यांत पेशी दिसल्या नाहीत. पाकीट बायकोने उघडलं.

७ सप्टेंबरला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी होती. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायचं फळापानांचं छत, दरवर्षी मीच बांधतो. यंदा खाली खुर्चीवर बसून सूचना दिल्या आणि मुलाने सुपाऱ्यांचा घड वाकडा बांधला. रात्री आरतीला गायलो. तिसऱ्या आरतीला वरच्या सुरावर दम तुटला, पखवाजवाल्याने ठेका न सोडता माझ्याकडे पाहिलं आणि ओळ त्याने उचलली.

२० सप्टेंबरच्या सीटीत काही नाही. एएफपी ४.१. दोन वर्षं दर तीन महिन्यांनी हे करायचं आहे, त्यानंतर सहा महिन्यांनी. पुढची तारीख १६ डिसेंबर, सकाळी साडेआठ, उपाशीपोटी. क्रिएटिनिन १३ ला करून ठेवायचं आहे. ती चिठ्ठी मी दुकानात काउंटरच्या काचेखाली लावली आहे, 'कृपया सुटे पैसे द्यावे'च्या शेजारी.